रक्तानं सकाळीच सांगितलं होतं

मित्रांनो, डोंबिवली पश्चिमेला, कोपरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनं प्रसूतिगृह आहे. तिथल्या बाळांच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे आणि त्या कपाटाच्या डोक्यावर एक धुरकट झालेली पारदर्शक पेटी पालथी घातलेली आहे. ती पेटी म्हणजे मी. दवाखान्यातले लोक मला हूड म्हणतात. खाडीकाठच्या बायका मला काचेची टोपी म्हणतात, पण मी काचेचा नाही, ॲक्रिलिकचा आहे. नुकत्याच जन्मलेल्या ज्या बाळाला श्वास घेताना त्रास होतो, त्याच्या डोक्यावर मला ठेवतात. माझ्या एका बाजूला बाळाच्या मानेसाठी अर्धगोल खाच आहे आणि मागे नळीसाठी भोक आहे. नळीतून ऑक्सिजन येतो, माझ्या पोटात साठतो आणि बाळ तो घेतं. एवढंच माझं काम.

जुनी वस्तू बोलायला लागली की आधी आपला दिमाख सांगते. मलाही तो सांगता येईल. माझ्याखाली किती बाळं निळी होती आणि गुलाबी झाली, त्यांतली कितीजण आता शाळेत जातात, हे सगळं खरं आहे. पण कपाटावर बसल्या बसल्या मला जे आठवतं ते त्यातलं नसतं. मला एक दुपार आठवते, आणि ती आठवली की असं वाटतं, बरं झालं आपण धुरकट झालो, आरपार कुणाला दिसत नाही.

माझा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला. साल १९८५ असावं. तिथल्या एका लहान कारखान्यात दुकानांच्या पाट्या आणि शोभेच्या माशांसाठी पेट्या बनत. देवराम नावाचे एक कारागीर तिथे होते. एक दिवस डोंबिवलीच्या एक डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे आल्या आणि त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाचा कापलेला एक नमुना टेबलावर पसरला. देवरामांनी असलं काही पूर्वी केलं नव्हतं. त्यांनी ॲक्रिलिकचा पत्रा तापवला, साच्यावर वाकवला, खाच कापली आणि मग कानस घेऊन बसले. खाचेची कड ते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवून बघत. जरा टोचलं की पुन्हा घासत. पाट्यांची घाई होती, मालक हाका मारत होता, तरी ते उठले नाहीत. बाळाची मान माणसाच्या मनगटापेक्षा नाजूक असते, एवढंच त्यांनी मालकाला सांगितलं.

त्या डॉक्टरीणबाई म्हणजे शरयूताई. पेशंटही त्यांना ताईच म्हणत. कमी बोलणाऱ्या, कामाला वाघ. त्यांचं प्रसूतिगृह तेव्हा नवं होतं. खालच्या मजल्यावर तपासणीची खोली, वर बाळंतिणींच्या खोल्या आणि मध्ये आमची बाळांची खोली. आमच्या खोलीच्या खिडकीशी एक सूक्ष्मदर्शक होता. तो माझा शेजारी. त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय माझी गोष्ट तुम्हाला समजायची नाही.

मुंबईला एका शिबिरात शरयूताई एक गोष्ट शिकून आल्या होत्या. काही बाळं जन्मतात तेव्हा छान रडतात, गुलाबी दिसतात आणि काही तासांनी एकाएकी त्यांचा श्वास बिघडतो. आईच्या पोटातच त्यांना जंतूंची बाधा झालेली असते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण रक्ताला कळलेलं असतं. जंतूंशी झुंजायला रक्तात पांढऱ्या पेशी असतात. तयार पेशी पुरेनाशा झाल्या की शरीर कोवळ्या, अर्धवट वाढलेल्या पेशीच पुढे पाठवतं. घरातली मोठी माणसं कमी पडली की शाळेतल्या पोरांना कामाला जुंपतात ना, तसं. म्हणून ज्या बाळाची धास्ती वाटे, त्याच्या टाचेला शरयूताई बारीकशी सुई टोचत, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरत, वाळला की जांभळा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरत आणि कोवळ्या पेशी किती आहेत ते बघत. साधी तपासणी होती. यंत्र नको, मुंबईची प्रयोगशाळा नको. तो थेंब कधी कधी खोटा धाकही घाली आणि बाळाला काहीच होत नसे. पण बरेचदा तो खरं बोले.

थेंब वाईट निघाला की शरयूताईंचा एक शिरस्ता होता. बाळाला औषधाचं पहिलं इंजेक्शन द्यायचं, कल्याणच्या मोठ्या दवाखान्याला फोन लावायचा आणि मला उचलून त्या बाळाच्या पाळण्याशी आणून ठेवायचं. बाळ तेव्हा हसत असो की झोपलेलं असो. श्वास अडला की मला शोधत बसायला लागू नये म्हणून. आमची आया रंगूबाई म्हणायची, "टोपी आली, आता बाळावर डोळा ठेवायचा." रंगूबाई मूळची जुन्नरची. आंघोळीचा साबण लावून ती मला पुसायची. मध्ये एकदा तिच्या सुट्टीत कुणी तरी मला स्पिरिटनं पुसलं आणि माझ्या अंगावर बारीक चिरा उठल्या. धुरकटपणा आला तो तेव्हापासून. त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता ती दुपार सांगतो.

१९८८ सालचा मार्गशीर्ष होता. शरयूताईंची धाकटी बहीण वासंती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचं सासर नाशिकचं. दोघींच्या आई, ज्यांना सगळे माई म्हणत, लेकीबरोबर दवाखान्यातच मुक्कामाला होत्या. वासंतीचं सिझेरियन झालं आणि मुलगा झाला. बाहेर आल्या आल्या तो जरा भराभर श्वास घेत होता. पोट फाडून काढलेल्या बाळांना असं होतं, फुप्फुसातलं पाणी ओसरायला वेळ लागतो. शरयूताईंनी मला त्याच्या डोक्यावर ठेवलं. ते बरोबरच होतं. त्याच्या रक्ताचा थेंबही त्यांनी बघितला. तो स्वच्छ निघाला. सकाळपर्यंत बाळाचा श्वास संथ झाला, मुठी सैल झाल्या आणि तो दुधासाठी तोंड हलवायला लागला. माझी गरज संपली होती. मला ते कळत होतं, कारण माझ्या भिंतींवर त्याच्या श्वासाची वाफ अगदी निवांतपणे येत होती आणि जात होती.

त्याच सकाळी शेजारच्या खोलीत मंजुळा बाळंत झाली. मंजुळा खाडीकाठच्या कोळी वस्तीतली. तिचा नवरा काळुराम होडी घेऊन खाडीत जायचा आणि ती बाजारात मासळी विकायची. तिचं पाणी आदल्या दिवसापासून जात होतं, पण मांडलेले मासळीचे वाटे संपेपर्यंत ती बाजारातून उठली नव्हती. सासू जनाबाईनं तिला रिक्षात घालून आणलं. मुलगा झाला. चांगला खणखणीत रडला. जनाबाईनं खिडकीतून खाडीच्या दिशेनं हात जोडले.

पाणी इतका वेळ गेलं होतं म्हणून शरयूताईंनी त्या बाळाच्या टाचेचं रक्त घ्यायला सुई काढली. जनाबाई पुढे झाली.

"आताच जलमलाय तो. त्याचा रगत कशाला काढतंस, बाय?"

शरयूताईंनी तिला समजावलं की एकच थेंब लागतो, आणि पुढे बाळाला दम लागणार असेल तर तो थेंब आधी सांगतो. जनाबाईनं थोडा विचार केला आणि बाळाचा पाय स्वतः धरला. मित्रांनो, हे लक्षात असू द्या. न शिकलेल्या त्या बाईनं विश्वास टाकून पाय धरला होता.

शरयूताईंनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मी तिथूनच, वासंतीच्या बाळाच्या डोक्यावरून त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी एक डोळा मिटला, स्क्रू फिरवला आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग दुसऱ्यांदा बघितलं. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखला. थेंब वाईट निघाला होता. कोवळ्या पेशी खूप होत्या.

शिरस्त्याप्रमाणे त्यांनी इंजेक्शन दिलं. कल्याणला फोन केला. तिथून उत्तर आलं की संध्याकाळी जागा रिकामी होईल, आधीच बिघडलं तर थेट घेऊन या. आता उरलं होतं ते मला उचलणं. आमच्याकडे हूड एकच होता. सिलिंडर दोन होते, पण एक भरायला गेला होता आणि दुपारपर्यंत यायचा होता.

शरयूताई आमच्या पाळण्याशी आल्या. त्यांचे दोन्ही हात माझ्या कडांना लागले. शेजारी खुर्चीवर माई बसल्या होत्या. त्यांच्या हातात जपाची माळ होती. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता.

"काढतेस?" माईंनी विचारलं.

त्याला आता नको आहे, आई, असं शरयूताई म्हणाल्या.

"असू दे ना. तुला काय जड झालाय? काही झालं तर तिच्या सासरी मी काय तोंड दाखवू?"

शरयूताईंनी सांगायला हवं होतं की गरज नसताना ऑक्सिजन देणंही बाळाला बरं नसतं. सांगायला हवं होतं की पलीकडे एक बाळ आहे आणि त्याचं रक्त काय म्हणतंय. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण माईंचे डोळे रडून सुजले होते. बाळ बहिणीचं होतं. आणि कोळणीचं बाळ तर अजून छान श्वास घेत होतं. शरयूताईंचे हात माझ्या कडांवर थोडे थांबले आणि मग निघाले. दुपारपर्यंत दुसरा सिलिंडर येईल, मग नळी नुसती नाकाशी धरता येईल, तोवर वेळ आहे, असं त्या अर्धवट स्वतःशी, अर्धवट माईंशी बोलल्या आणि खाली तपासणीच्या खोलीत गेल्या. तिथे पेशंटची रांग होती.

मी तिथेच राहिलो. माझ्या पोटात ऑक्सिजन येत होता आणि खाचेतून बाहेर जात होता. खाली झोपलेल्या बाळाला त्याचा काही उपयोग नव्हता. मला पाय असते तर मी गेलो असतो, असं म्हणणं सोपं आहे. मला पाय नव्हते. पण मित्रांनो, आपण चुकीच्या जागी आहोत हे कळत असताना तिथे बसून राहणं कसं असतं, ते मला त्या सकाळी कळलं. कुणी तरी सत्काराची शाल दुसऱ्याच्या खांद्यावर टाकावी आणि शालीलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हावं, तसं काहीसं.

दुपारी रंगूबाई मंजुळाच्या खोलीतून धावत आली. ती ओरडली नाही, जिन्यावरून वाकून एवढंच म्हणाली, की ताई, कोळणीच्या बाळाच्या बरगड्या आत ओढताहेत. शरयूताई दोन-दोन पायऱ्या चढत वर आल्या. मंजुळाचं बाळ आमच्या खोलीत आणलं गेलं. त्याच्या नाकपुड्या फुलत होत्या. प्रत्येक श्वासाला ते कण्हत होतं. ओठांभोवती निळसर छटा आली होती, खाडीच्या चिखलावर ओहोटीला येते तशी. दुसरा सिलिंडर आला नव्हता.

शरयूताई वळल्या. माई उठून पाळण्याच्या आडव्या उभ्या राहिल्या होत्या. त्या काही वाईट बाई नव्हत्या. जन्मभर त्यांनी दारी आलेल्याला घास घातल्याशिवाय पाठवलं नव्हतं. पण त्या क्षणी त्यांना एकच बाळ दिसत होतं. अगं, पण याचं काय, याचं काय, असं त्या म्हणत राहिल्या. आणि शरयूताई, ज्यांनी सगळ्या डोंबिवलीला दटावलं असतं, त्या आईसमोर उभ्याच राहिल्या. फार वेळ नाही. थोडे श्वास. पण ते श्वास दुसऱ्याचे होते.

दारात वासंती आली. टाक्यांवर हात दाबून, भिंतीला धरत ती चालत आली होती. तिनं पलंगावरून सगळं ऐकलं होतं.

"ताई, आपल्या बाळाला तो लागतोय का?"

शरयूताई म्हणाल्या, "सकाळपासून नाही लागत."

"मग सकाळपासून तो इथे का आहे?"

वासंती पुढे आली, आईला तिनं हातानं बाजूला केलं आणि आपल्या बाळाच्या डोक्यावरून मला स्वतः उचललं. वाकताना ती कळवळली. तिनं मला बहिणीच्या हातात दिलं. माईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मग सगळं भराभर झालं. मी मंजुळाच्या बाळाच्या डोक्यावर आलो. नळी जोडली. निळी छटा हळूहळू फिकी झाली, पण गेली नाही. त्याला कल्याणला न्यायलाच हवं होतं. काळुरामनं मासळी वाहणारा आपल्या मित्राचा टेम्पो आणला. बर्फाच्या पेट्या काढून तिथे सिलिंडर उभा केला. टेम्पोत ओल होती, बर्फाचा आणि मासळीचा वास होता. शरयूताई खाली घोंगडीवर बसल्या, बाळ मांडीवर, मी बाळावर, आणि एका हातानं त्यांनी मला धरून ठेवलं होतं.

रेल्वेच्या फाटकाशी टेम्पो अडला. फाटक बंद होतं. काळुराम उतरून फाटकवाल्याशी बोलून आला, पण गाडी गेल्याशिवाय तोही काय करणार? एक मालगाडी गेली, ती संपता संपेना. शरयूताई बाळाच्या छातीकडे बघत होत्या. काळुरामनं त्यांच्यासमोर हात जोडले.

"बाय, तुमी व्हत्या म्हनून आमचा पोर हाय."

मी शरयूताईंच्या अगदी जवळ होतो. त्यांनी मान खाली घातली, ती कल्याण येईपर्यंत वर केली नाही.

बाळ जगलं. कल्याणच्या दवाखान्यात ते बरेच आठवडे होतं. मला त्याच दिवशी रिकामं परत आणलं. वासंतीचा मुलगा सुखरूप नाशिकला गेला. माई पुन्हा दवाखान्याच्या पायऱ्या कधी चढल्या नाहीत. दुसरा हूड आणि तिसरा सिलिंडर पुढच्याच महिन्यात आला. शरयूताई पूर्वीसारख्याच काम करत होत्या, फक्त खिडकीशी सूक्ष्मदर्शकावर वाकल्या की लवकर सरळ होत नसत.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी जनाबाई आणि मंजुळा बाळाला घेऊन आल्या. बाळाचं नाव दौलत ठेवलं होतं. जनाबाईच्या डोक्यावर पाटी होती. तिनं ती आमच्या खोलीतल्या शरयूताईंच्या टेबलावर उतरवली. केळीच्या पानाखाली एक मोठा जिताडा होता, नुकताच धरलेला. खाडीकाठी जिताडा म्हणजे मानाची मासळी. तो घरी शिजवत नाहीत, मोठ्या माणसाला नेऊन देतात. शरयूताईंच्या घरी मासे खात नसत.

"तुमी खात नाय, मना ठाव हाय," जनाबाई म्हणाली. "पन आमच्याकडं यापरीस मोठा काय नाय. नाय बोलू नका."

शरयूताईंनी पाटीकडे पाहिलं. मला वाटलं त्या आभार मानतील, रंगूबाईला मासा द्यायला सांगतील आणि गोष्ट मिटेल. कुणालाच काही कळलं नसतं. पण त्यांनी दार लोटून घेतलं आणि दोघींना बसायला सांगितलं. आणि मग सगळं सांगितलं. त्या थेंबात काय दिसलं ते. टोपी कुठे होती ते. ती का काढली नाही ते. बहिणीच्या बाळाला तिची गरज नव्हती, हेही. त्या हळू बोलत होत्या. आईवर त्यांनी काही ढकललं नाही.

मंजुळानं एकच प्रश्न विचारला.

"तुमाला सकालीच ठाव व्हता?"

"हो," शरयूताई म्हणाल्या.

मंजुळानं दौलतला पदरात गुंडाळलं आणि ती निघून गेली. जनाबाई थोडी बसली. मग ती उठली, केळीचं पान तिनं माशावर नीट सारखं केलं, पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि तीही गेली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी निळी बाळं पाहिली, बाळं गेलेल्या आया पाहिल्या. पण मानानं आणलेली वस्तू परत जाताना पाहिली ती एकदाच. मासळीचा वास त्या टेबलाला दिवसभर येत होता. शरयूताईंनी ते पुसू दिलं नाही.

त्यानंतर कोळी वस्तीतल्या बायका येईनाशा झाल्या. शरयूताईंनी कुणाला बोल लावला नाही. बाजारातून रंगूबाई बातम्या आणायची. दौलत उशिरा बसायला लागला. मग उशिरा उभा राहिला. चालायला लागला तेव्हा डावा पाय ओढत होता. शरयूताईंनी कल्याणच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की हे त्या जंतूंमुळे झालं की श्वास अडला त्या थोड्या वेळामुळे, हे जगात कुणालाच सांगता येणार नाही. त्यांनी ते धीर देण्यासाठी म्हटलं असावं. पण शरयूताईंना त्यानं धीर आला नाही. मला तर मुळीच आला नाही. नक्की चूक ठरली असती तर तिची शिक्षा तरी ठरली असती.

असं करता करता १९९२ साल आलं. गणपती जाऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी रंगूबाई वर आली ती घाबरलेली. खाली जनाबाई आली होती, मंजुळाला घेऊन. मंजुळाला कळा येत होत्या.

शरयूताई जिन्यातच थांबल्या. इतके दवाखाने असताना तुम्ही इथेच का आलात, असं त्यांनी जनाबाईला विचारलं. जनाबाईनं चपला काढल्या, दाराशी नीट ठेवल्या.

"दुसऱ्या दवाखान्यान काय होतंय, ता आपल्याला कोन सांगतंय?" ती म्हणाली. "हितं सांगतान तरी."

मंजुळा आत आली. पलंगावर बसायच्या आधी तिनं रंगूबाईकडे काचेची टोपी मागितली. रंगूबाईनं नवा हूड आणला, चकचकीत. मंजुळानं मान हलवली.

"ही नको. तीच पायजे."

रंगूबाईनं मला कपाटावरून उतरवलं, साबणानं पुसलं आणि तिच्याकडे दिलं. मंजुळानं मला आपल्या उशाशी भिंतीला टेकवून ठेवलं. कळा आल्या की तिचा हात माझ्या कडेवर येई आणि घट्ट होई. देवरामांनी घासलेली ती कड तिला टोचली नाही. शरयूताई हे सगळं बघत होत्या. मला तिथे ठेवण्याचा अर्थ त्यांना कळत होता. मलाही कळत होता. आमच्यावर भरवसा टाकला होता आणि पहाराही बसवला होता.

मुलगी झाली. या वेळी पाणी आधी गेलं नव्हतं, ताप नव्हता, तपासणीची तशी गरज नव्हती. पण मंजुळानं स्वतःच मुलीची टाच उघडी करून पुढे धरली. शरयूताईंनी थेंब घेतला, तिच्यासमोरच बघता यावं म्हणून सूक्ष्मदर्शक त्याच खोलीत आणवला आणि खिडकीशी गेल्या.

"रक्त चांगलं आहे," शरयूताई म्हणाल्या.

"तुमी परत बगा."

शरयूताईंनी पुन्हा बघितलं. आधीपेक्षा जास्त वेळ बघितलं. मग वळून, मंजुळाच्या डोळ्यांत बघून त्या म्हणाल्या, की चांगलं आहे, आणि रात्रभर मी इथेच बसते. आणि त्या बसल्या.

घरी जायच्या दिवशी काळुराम दौलतला घेऊन आला. मी त्याला तेव्हा जवळजवळ चार वर्षांनी पाहिलं. काळासावळा, मोठ्या डोळ्यांचा, बडबड्या. पाय ओढत तो सगळ्या खोलीभर फिरला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आला, बहिणीला बघून आला आणि मग त्याची नजर माझ्यावर पडली. हे काय, असं त्यानं आईला विचारलं. तुझी टोपी, असं मंजुळा म्हणाली. झालं. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं आणि डोक्यावर घातलं. मी त्याच्या कानांवर अडकलो, खाली जाईना. त्याला त्याची मजा वाटली. तो आतून फुंकर मारायला लागला. माझ्या भिंतीवर वाफ धरली की बोटानं पुसायचा, पुन्हा फुंकायचा. किती जोरात फुंकत होता म्हणून सांगू! एका श्वासात मी पांढरा होत होतो.

शरयूताई दारात उभ्या होत्या. त्यांना रडू आवरलं नाही, आणि लेकरासमोर रडायची लाज वाटली म्हणून त्या पाठ फिरवून निघाल्या. मंजुळानं त्यांना हाक मारली. दौलतच्या डोक्यावरून तिनं मला काढलं, पदरानं आतून-बाहेरून पुसलं आणि रंगूबाई हात पुढे करत होती तरी तिच्याकडे न देता शरयूताईंच्या हातात दिलं.

"घ्या," ती म्हणाली. "लागंल कोनाला तरी."

क्षमा केली असं ती म्हणाली नाही. शरयूताईंनीही मागितली नाही.

आता मोठ्या दवाखान्यांत नवी यंत्रं आली आहेत. रक्ताच्या तपासण्याही यंत्रंच करतात. मला क्वचित कुणी उतरवतं. माझी विनंती स्वतःसाठी नाही, मित्रांनो. मला साबणानं पुसा, स्पिरिटनं पुसू नका, एवढं केलंत तरी मी खूश आहे. पण तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी नर्स होईल, कुणाच्या हाती गावातली एकुलती एक चांगली वस्तू येईल. तिची खरी गरज कुणाला आहे हे तुम्हाला कळेल. बहुधा वेळेवरच कळेल, कारण जग तितकं मुकं नसतं, एक थेंबसुद्धा सांगत असतो. ते कळलं की हात मागे घेऊ नका. समोर कोण बसलं आहे ते बघू नका. ज्याचं आहे त्याच्या उशाशी नेऊन ठेवा, आणि सकाळी कळलं असेल तर सकाळीच नेऊन ठेवा.